हातगुण
(लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र आणि आमच्या गोठ्यातला एक नांगर)

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सौंसरला घरी गेलो होतो, तेव्हाची ही गोष्ट. सौंसर हे मध्यप्रदेशातले गाव. पूर्वी ते छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. कचेरीतला कारभार हिंदीत चालतो, पण घरात, वावरात आणि बाजारात बोलणे मराठीच, तेही नागपुरी वळणाचे. माझे शालेय शिक्षण मराठीतून झाले. आई बेळगावकडची असल्यामुळे आजोळची कानडी लहानपणापासून कानावर होती, आणि पुढे मामांच्या घरी राहून वाणिज्य शाखेचे शिक्षण घेण्यासाठी मी बेळगावात आलो. एवढी ओळख पुरे.

त्या सुट्टीत काकांनी जुना गोठा मोडून तेथे ट्रॅक्टरसाठी शेड बांधायचे ठरवले. गोठ्यातले सामान बाहेर निघाले. मोडके जू, तुटलेली तिफण, दोरखंड, आणि एका कोपऱ्यात मातीत अर्धा रुतलेला लोखंडी नांगर. दारात भंगारवाला उभा होताच. मी बी. कॉम. शिकतो म्हणून हिशेबाचे काम काकांनी माझ्याकडे सोपवले. नांगराचे वजन अठ्ठेचाळीस किलो भरले. किलोला तीस रुपये भाव ठरला. मी वहीत चौदाशे चाळीस हा आकडा मांडला आणि गंजाबद्दल भंगारवाला किती कापील याचाही अंदाज केला. व्यवहार चोख होता.

पण आबाजी उठले आणि काठी टेकत येऊन नांगराच्या मुठीवर हात ठेवून उभे राहिले. विकायला त्यांनी नाही म्हटले नाही. विकायचा असेल तर खुशाल विक, पण हा केला कोणी आणि कसा केला, एवढे आधी मला सांग, असे ते म्हणाले. मला काहीच सांगता येईना. मी ओल्या फडक्याने लोखंड पुसले. झिजलेली अक्षरे बोटांनी चाचपली तेव्हा किर्लोस्कर हे नाव लागले. मला मनातून ओशाळल्यासारखे झाले. कारण बेळगावात रोज ज्या रस्त्याने मी जातो त्याचे नाव किर्लोस्कर रोड आहे, आणि तो कोणत्या किर्लोस्करांच्या नावाचा हे मी दोन वर्षांत एकदाही कोणाला विचारले नव्हते.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली, तीही येथे सांगितलीच पाहिजे. वखराची पास पाजवून आणण्यासाठी काकांनी मला लोहारबुवांकडे पाठवले. त्यांनी ऐंशी रुपये मागितले. काम पाव तासात झाले. पाव तासाचे ऐंशी म्हणजे तासाचे तीनशेवीस, असा हिशेब मी त्यांच्यासमोरच मांडला आणि साठ रुपये त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते मुकाट्याने घेतले. घरी येऊन मी वीस रुपये वाचवल्याचे मोठ्या ऐटीत सांगितले. आबाजी काहीच बोलले नाहीत.

बेळगावला परतल्यावर मी ग्रंथालयात बसून लक्ष्मणराव किर्लोस्करांविषयी मिळेल ते वाचून काढले. वाचता वाचता मला कळले ते असे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही त्याच गावचे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. अशा घरातला मुलगा शिकून सरकारी नोकरीत जाईल अशी सर्वांची अपेक्षा असणार. पण लक्ष्मणचे लक्ष शाळेत लागेना. त्याला दोनच गोष्टींचा नाद होता. एक चित्रे काढणे, आणि दुसरा कोणतेही यंत्र हाती लागले की ते उघडून पाहणे. वडिलांना हे दोन्ही नाद पसंत नव्हते. थोरले बंधू रामुअण्णा मात्र पाठीशी उभे राहिले, आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले.

तेथे दोन वर्षे गेली आणि एक विलक्षण अडचण उभी राहिली. त्यांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. चित्रकाराला रंगच दिसू नयेत, याहून मोठे दुर्दैव कोणते? दुसरा कोणी असता तर नशिबाला बोल लावून गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. यंत्रांची रेखाचित्रे काढायला रंग लागत नाहीत. ते त्या विद्येत इतके तयार झाले की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना यांत्रिक रेखाटन शिकवण्याची नोकरी मिळाली. शिकवून उरलेला वेळ ते कार्यशाळेत घालवीत. कातारी, सुतार, लोहार, ओतारी यांच्या कामाची ओळख त्यांना तेथे स्वतःच्या हातांनी झाली. माझ्या मते त्यांच्या पुढच्या साऱ्या आयुष्याचा पाया हाच होता. त्यांच्यापाशी रेखाटनाची विद्या होतीच. पण कागदावरची रेषा लोखंडात उतरवताना हाताला काय पडते, हेही त्यांना ठाऊक होते.

१८८८ साली मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. तेव्हा सायकल ही मोठी नवलाई होती. त्यांनी सायकली खरेदी करून बेळगावला रामुअण्णांकडे पाठवल्या. रामुअण्णा त्या सातशे ते हजार रुपयांना विकत आणि चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये घेत. या दुकानावर किर्लोस्कर ब्रदर्स ही पाटी लागली. पुढे जी पाटी देशभर गेली, तिची सुरुवात आपल्या या बेळगावातल्या सायकलच्या दुकानात झाली, हे येथल्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मुंबईच्या नोकरीचा शेवट अपमानात झाला. बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांचा हक्क डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. त्यांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला आले. अर्ज-विनंत्या करीत बसले नाहीत. पवनचक्क्या विकणे, गुंड्या करून पाहणे, असे अनेक उद्योग झाले. काही साधले, काही फसले. मग शेतीच्या अवजारांकडे लक्ष गेले. पहिले यंत्र केले ते कडबा कापण्याचे. त्यानंतर १९०३ च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर तयार केला.

आज आपल्याला लोखंडी नांगर ही जुनी, टाकाऊ वस्तू वाटते. तेव्हा ती नवी आणि संशयास्पद वस्तू होती. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर चालत आलेला. आमच्या भागात तर काळ्या जमिनीत वखरावरच भिस्त. लक्ष्मणरावांचे पहिले चाळीस नांगर विकायला दोन वर्षे लागली. चाळीस नग, दोन वर्षे! आमच्या वाणिज्याच्या पुस्तकाप्रमाणे हा धंदा त्याच वेळी गुंडाळायला हवा होता. पण शेतकऱ्याच्या संशयात अज्ञानाबरोबर थोडे शहाणपणही असते, हे लक्ष्मणरावांनी ओळखले असावे. ज्याच्या घरी एकच हंगाम आहे तो प्रयोग करायला भितोच. त्यांनी तक्रारी ऐकल्या. फाळ लवकर झिजतो म्हटल्यावर तो अधिक टणक कसा करता येईल याच्या मागे लागले. हळूहळू नांगराने स्वतःच स्वतःची साक्ष दिली. हरळी आणि कुंदा यांची खोल गेलेली मुळे लाकडी नांगराला उपटता येत नसत, ती लोखंडी नांगराने वर आली. शेतकऱ्याला याहून दुसरा पुरावा लागत नाही.

धंदा कोठे स्थिरावतो आहे तोच बेळगावच्या नगरपालिकेने गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडायला सांगितले. त्या वेळी लक्ष्मणराव औंधला यमाईच्या देवळाजवळ एका सभामंडपाचे बांधकाम करीत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना ही अडचण कळली. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. जमीन म्हणजे काय, तर निवडुंगाचे रान. साप-विंचू भरपूर, पाणी नाही. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन त्या माळावर उतरले. तेच आजच्या सांगली जिल्ह्यातले किर्लोस्करवाडी. पुढे स्टेशनचे नावही बदलून किर्लोस्करवाडी झाले.

मला या चरित्रात सर्वांत जास्त मोह पडला तो त्या माळावरच्या माणसांचा. रामुअण्णांनी वसाहतीची आखणी आणि व्यवस्था पाहिली. शंभूराव जांभेकरांनी यंत्रांची बाजू सांभाळली. के. के. कुलकर्णी हे विक्रीपासून व्यवस्थापनापर्यंत पडेल ते काम करीत. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडून आलेले, पण कल्पक यंत्रज्ञ झाले. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळीत, म्हणजे ते आम्हा वाणिज्यवाल्यांचे पूर्वजच. आणि रात्रीच्या पहाऱ्याला तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग. या दोघांनी पूर्वी दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगली होती. ज्यांच्या भीतीने लोक कड्या घालीत, त्यांच्याच हाती लक्ष्मणरावांनी वसाहतीची राखण दिली आणि त्यांनी ती इमानाने केली. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा दंडक होता. १९१० च्या सुमारास हे ठरवणे सोपे नव्हते.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशातून येणारे बीड आणि कोळसा मिळेनासा झाला. लक्ष्मणरावांनी कोल्हापूर संस्थानातल्या किल्ल्यांवरच्या जुन्या तोफा विकत घेतल्या, त्या वितळवल्या आणि नांगर केले. दगडी कोळसा नाही म्हणून लाकडी कोळशावर भट्टी चालवून पाहिली. ज्या तोफांनी कधी काळी माणसे मारली, त्या शेतात उतरून ज्वारी पिकवू लागल्या. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र, हातपंप आणि १९२६ पासून मोठे पंप, अशी यादी वाढत गेली. पुतणे शंकरराव यांनी १९२० मध्ये किर्लोस्कर खबर सुरू केली. त्यातूनच पुढे किर्लोस्कर मासिक झाले आणि स्त्री व मनोहर ही भावंडे निघाली. १९४१ साली हरिहरला तुंगभद्रेच्या काठी म्हैसूर किर्लोस्करचा यंत्र-अवजारांचा कारखाना निघाला. म्हणजे आपल्या या मासिकाच्या मराठी विभागाइतकाच कन्नड विभागाचाही या माणसावर हक्क आहे.

शेवटची वर्षे सुखाचीच गेली असे नाही. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. ज्या माळावर निवडुंग तोडून हे सारे उभे केले, तेथे राख पाहण्याची वेळ आली. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. त्यानंतर पाच आठवड्यांनी, १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. माझ्या आईचे बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि वडिलांचे सौंसर नव्या मध्यप्रदेशात राहिले. नांगर मात्र दोन्हीकडच्या शेतांत चालत होते. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले.

एवढे वाचून झाल्यावर आबाजींच्या प्रश्नाचा पहिला भाग सुटला. नांगर कोणी केला हे कळले. पण कसा केला हे काही पुस्तकातून कळेना. म्हणून मामांच्या ओळखीने मी उद्यमबागेतल्या एका ओतशाळेत गेलो. बेळगावात अशा ओतशाळा पुष्कळ आहेत, आणि आपल्यापैकी अनेकजण त्यांच्या भिंतीजवळून रोज जातात.

तेथे मला पहिल्यांदा कळले की लोखंडाच्या वस्तूची सुरुवात लाकडापासून होते. वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना आधी सुतार करतो. पण तो मापाला बरोबर करून चालत नाही. ओतलेले बीड थंड होताना आकसते, फुटाला सुमारे एक अष्टमांश इंच. म्हणून नमुना तेवढा मोठा ठेवावा लागतो. त्यासाठी सुतारापाशी खास पट्टी असते, जिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा किंचित मोठा असतो. मी ती पट्टी हातात घेऊन पाहिली. माझ्या साऱ्या शिक्षणात मोठा फूट वापरणारा प्रामाणिक माणूस मला प्रथमच भेटत होता!

मग तो नमुना वाळूत दाबून साचा करतात. वाळूत माती आणि पाणी यांचे प्रमाण नेमके हवे. पाणी जास्त झाले तर वाफ कोंडून ओतकामात पोकळ्या राहतात, कमी झाले तर साचा ढासळतो. हे प्रमाण तेथला वयस्क साचेकार मुठीत वाळू दाबून ठरवीत होता. मूठ उघडून तो गोळ्याकडे पाही, तो मधोमध मोडी, आणि मान हलवी. मी त्यांना कानडीत विचारले की हे कसे कळते. त्यांनी सांगितले त्याचा अर्थ असा, की पहिली पाच वर्षे कळत नाही, नंतर न कळणे शक्य नसते. त्यांनी त्याला कैगुण हा शब्द वापरला. कै म्हणजे हात. मी चमकलो. आपण मराठीत हातगुण म्हणतो तोच हा शब्द. दोन भाषांनी एकाच गोष्टीला एकच नाव ठेवले आहे, आणि ते ठेवताना गुण डोक्यात असतो असे न म्हणता हातात असतो असे म्हटले आहे.

फाळाच्या टोकाचीही युक्ती मला तेथेच समजली. साच्यात ज्या ठिकाणी टणकपणा हवा तेथे वाळूऐवजी लोखंडाचा तुकडा बसवतात. रसरशीत बीड त्याला भिडले की तेवढा भाग झटकन थंड होतो आणि अतिशय कठीण बनतो. बाकीचा भाग सावकाश थंड होऊन जरा मऊ राहतो. एकाच ओतकामात दोन स्वभाव. भट्टीतून वितळलेले बीड निघाले तेव्हा मी दहा पावले मागे सरलो. ते दोन माणसे डोल्यातून वाहून नेत होती आणि त्यांची पावले अशी जुळली होती, जणू पालखीचे भोई. एकाचा पाय अडखळला तर काय होईल, हा विचार माझ्या मनात आला. त्यांच्या चेहऱ्यावर तो नव्हता. तो विचार ते रोज सकाळी दाराबाहेर ठेवून येत असले पाहिजेत.

त्या संध्याकाळी खोलीवर येऊन मी माझी वही उघडली. अठ्ठेचाळीस गुणिले तीस. नमुना करणारा सुतार, वाळू ओळखणारी मूठ, बीड वाहणारी चार पावले, निवडुंगाच्या माळावर तंबूत राहिलेल्या बायका-मुले, चाळीस नांगर विकायला गावोगाव फिरलेली माणसे, यांतले त्या गुणाकारात काहीही नव्हते. मी हे आमच्या पुस्तकांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. परिव्ययलेखात मजुरीचा रकाना असतो आणि तो असायलाच हवा. पण त्या रकान्यात तास मांडतात. मूठ ओळखायला लागलेली पाच वर्षे मांडायची कोठे? आणि लोहारबुवांचा पाव तास मी मोजला, तेव्हा त्यांची पन्नास वर्षे मी फुकटात घेतली नव्हती काय?

विचार करू लागलो तसा आमचा सारा मुलूखच मला वेगळा दिसू लागला. सौंसर-पांढुर्ण्याची संत्री लोक आवडीने खातात. पण संत्र्याचे झाड बीतून तसे येत नाही. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरावा लागतो. डोळा भरणारा माणूस चाकूने सालीला काप देतो, नखाएवढा डोळा आत सरकवतो आणि पट्टी बांधतो. हात जरा चुकला की पाच-सहा वर्षांनी फळ येण्याची आशा त्याच दिवशी संपली. लोधीखेड्याची तांब्या-पितळेची भांडी एके काळी नावाजलेली होती. सौंसरचे कोष्टी हातमागावर लुगडी विणीत. माझ्या आजीच्या पेटीत तसले एक लुगडे आहे. ते विणणाऱ्याचे नाव आमच्या घरात कोणालाही ठाऊक नाही.

आपल्या दोन्ही भाषांच्या संतांनी हे फार पूर्वी ओळखले होते. गोरा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी यांची नावे आपण त्यांच्या धंद्यासकट घेतो. कर्नाटकात बसवण्णांच्या शरणांनी कायकाला, म्हणजे आपल्या हातच्या कामाला, पूजेच्या बरोबरीने मान दिला. आपण नावे लक्षात ठेवली, काम करणारा मात्र विसरलो. लक्ष्मणरावांचे मोठेपण मला येथे दिसते. ते ज्या कुळात जन्मले त्यात लेखणी धरणे प्रतिष्ठेचे आणि हातोडा धरणे कमीपणाचे समजत. त्यांनी हातोडा धरला, आणि ज्यांच्या हातात तो पिढ्यान्‌पिढ्या होता त्यांच्याशेजारी उभे राहून धरला.

पण येथे एक शंकाही मनात येते आणि ती दडवून ठेवू नये. नांगरावर किर्लोस्करांचे नाव आहे, रस्त्याला आहे, स्टेशनला आहे. ज्यांनी तोफा फोडल्या आणि साचे केले, त्यांच्यापैकी मोजक्यांचीच नावे आपल्यापर्यंत आली. चरित्र एकाचे लिहिले जाते आणि वस्तू अनेकांनी केलेली असते. यावर उपाय काय, हे मला नक्की सांगता येत नाही. लक्ष्मणरावांचे चरित्र वाचताना त्यांच्या सहकाऱ्यांची नावे ओलांडून पुढे जायचे नाही, एवढे मी स्वतःपुरते ठरवले आहे. वर ती मुद्दाम लिहिली, ती त्यासाठीच.

पोळ्याला मी पुन्हा घरी गेलो. आमच्याकडे आता बैलांची एकच जोडी उरली आहे. आदल्या संध्याकाळी आबाजींनी त्यांच्या खांद्यांना हळद-तूप चोळले. मी त्यांच्याजवळ बसून चाळीस नांगरांपासून तोफांपर्यंत आणि मोठ्या फुटापासून वाळूच्या मुठीपर्यंत सारे सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही. सांगून झाल्यावर, आता विकायचा का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हणालो. काकांनी शेड दोन हात पुढे घेतली आणि नांगराला भिंतीकडेची जागा मिळाली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातले पुष्कळ लोक गोटमार पाहायला पांढुर्ण्याला जाम नदीवर गेले होते. गल्ल्या मोकळ्या होत्या. मी लोहारबुवांकडे गेलो. भाता बंद होता. मुलगा आता वेल्डिंगच्या दुकानात कामाला जातो आणि एकट्याने घण-भाता सांभाळणे त्यांना होत नाही, असे कळले. ते ओट्यावर बसले होते. मी वीस रुपये पुढे केले. ते कशाचे म्हणून त्यांनी विचारले. उन्हाळ्यात पास पाजवली त्याचे राहिलेले, असे मी सांगितले. मला वाटले होते की ते हसून नको म्हणतील, आणि त्या नकारात माझी सुटका होईल. पण त्यांनी नोटा घेतल्या, नीट घडी केली आणि बंडीच्या खिशात ठेवल्या. देणे होते, ते फिटले.

मग ते आपणहून आमच्या घरी आले. नांगराजवळ बसून त्यांनी फाळावरून अंगठा फिरवला. हा फाळ कारखान्याचा नव्हे, असे ते म्हणाले. मूळचा झिजल्यावर त्यांच्या वडिलांनी हा घडवून बसवला होता. टोकाशी घणाचा एक घाव किंचित तिरपा पडला आहे, त्यावरून त्यांनी तो ओळखला. त्या दिवशी भाता ओढायला ते स्वतः होते आणि त्यांचे वय दहा-अकरा वर्षांचे होते. त्यांनी मला तो घाव दाखवला. इतके दिवस मी नांगरावरची अक्षरेच तेवढी वाचली होती. ही दुसरी सही त्यांच्याच शेजारी होती आणि मला ती दिसली नव्हती.

लोहारबुवांच्या वडिलांचे नाव मी विचारून घेतले आणि माझ्या हिशेबाच्या वहीत, चौदाशे चाळीस हा आकडा खोडून, त्याच्या जागी लिहून ठेवले.

(वाणिज्य शाखा, द्वितीय वर्ष)